गोंगाट पाखडणारं भौतिकशास्त्र

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळे पहिली-दुसरीत शिकलो. २०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, हॅनफर्डच्या कोरड्या माळरानावर ती जवळपास तशीच पुन्हा घडली. फक्त मडक्याच्या जागी या वेळी माणसानं बनवलेल्या सर्वांत संवेदनशील यंत्रांपैकी एक होतं. ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या नोंदींत अधूनमधून बारीक टिचक्या उमटत होत्या. आकाशातून आलेल्या म्हणाव्यात, तर तीन हजार किलोमीटरवरच्या जोडीदार वेधशाळेत त्यांचा मागमूस नव्हता. शास्त्रज्ञांनी आवारातल्या मायक्रोफोनच्या नोंदी तपासल्या, तर तिथंही टकटक ऐकू येत होती. बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. द्रव नायट्रोजनच्या नळीवर बर्फाचा थर साचत होता आणि उन्हानं कासावीस झालेले डोमकावळे तो चोचीनं फोडून खात होते. बर्फावर चोचींच्या खुणा होत्या. मग शास्त्रज्ञांनी त्या नळीवर स्वतः टकटक करून पाहिली, नोंदीत तशाच टिचक्या उमटल्याची खात्री केली आणि नळीवर बर्फ साचू नये अशी व्यवस्था केली.

भौतिकशास्त्रातल्या नव्या शोधांच्या बातम्या आपल्याकडे येतात त्या शेवटच्या वाक्यासारख्या. अमुक सापडलं, तमुक सिद्ध झालं, आइन्स्टाईन पुन्हा एकदा खरा ठरला. त्या वाक्याआधीची जी लांबलचक कहाणी असते, ती बहुतेक वेळा अशा कावळ्यांचीच असते. गेल्या दहा वर्षांत भौतिकशास्त्राच्या ज्या शाखेनं सर्वांत मोठी झेप घेतली, त्या गुरुत्वीय लहरींच्या शाखेचा सगळा इतिहास हा गोंगाट ओळखण्याचा इतिहास आहे. सुपात धान्य पाखडताना बाईला दाणा जितका ओळखता यावा लागतो, तितकाच कोंडाही ओळखता यावा लागतो. इथं कोंडा डोंगराएवढा आहे आणि दाणा एकच.

तो दाणा किती बारीक, ते आधी पाहू. आइन्स्टाईननं १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांचंच वळण बदलतं आणि त्या वळणालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असं तो सिद्धांत सांगतो. पुढच्याच वर्षी त्यानं दाखवलं, की जड वस्तू एकमेकींभोवती गरगर फिरू लागल्या, तर या अवकाशात लहरी उठतील आणि प्रकाशाच्या वेगानं पसरतील. अशी लहर तुमच्या अंगावरून गेली तर क्षणभर तुमची उंची वाढेल आणि रुंदी घटेल, लगेच उलट होईल, पुन्हा उलट. पण किती? दोन कृष्णविवरांची टक्कर होऊन आलेली लहर पृथ्वीवर पोचते तेव्हा कोणत्याही लांबीत पडणारा फरक असतो एकावर एकवीस शून्यं ठेवली तर त्यातल्या एका भागाएवढा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तिथपर्यंतचं सगळं अंतर अशा लहरीनं एखाद्या केसाच्या जाडीइतकं कमी-जास्त होईल. खुद्द आइन्स्टाईनलाही हे कधी मोजता येईल असं वाटत नव्हतं.

मोजायला पहिल्यांदा बसला तो मेरीलँड विद्यापीठातला जोसेफ वेबर. त्यानं ॲल्युमिनियमचे माणसाहून वजनदार, मोठाले दंडगोल टांगले. लहर गेली की दंडगोल घंटेसारखा अगदी किंचित निनादेल, असा त्याचा हिशेब होता. एकाच दंडगोलावर विश्वास ठेवू नये, हेही त्याला कळत होतं. म्हणून एक मेरीलँडला आणि दुसरा शिकागोजवळ, दूर अंतरावर ठेवला. दोन्ही एकाच वेळी थरथरले तरच दखल घ्यायची. १९६९ मध्ये त्यानं लहरी सापडल्याचं जाहीर केलं आणि खळबळ उडाली. जगभर लोकांनी तसेच दंडगोल बांधले, त्याच्याहून चांगले बांधले, आणि कुणालाच काही सापडलं नाही. वेबर २००० साली वारला तोवर आपल्या म्हणण्यावर ठाम होता. त्याची हेटाळणी खूप झाली. मला मात्र ते अन्यायाचं वाटतं. दोन दूरच्या ठिकाणी एकाच वेळी दिसेल तेच खरं, ही त्याची शिस्त आजही या शास्त्राचा पाया आहे. त्याला दाण्याची ओढ होती, कोंड्याची पुरती ओळख नव्हती, एवढंच.

लहरी असतात याचा पहिला पुरावा आला तो आडवाटेनं. १९७४ मध्ये रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एकमेकांभोवती पावणेआठ तासांत फेरी मारणारी न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली. वर्षामागून वर्षं नोंदी घेतल्यावर दिसलं, की ही फेरी दरवर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी लहान होते आहे. तारे जवळ येत आहेत, म्हणजे ऊर्जा कुठेतरी जाते आहे; आणि ती जाते आहे बरोबर तितकीच, जितकी गुरुत्वीय लहरींनी न्यायला हवी. १९९३ चं नोबेल त्यांना मिळालं. पण हे चोराच्या पाऊलखुणा दिसण्यासारखं होतं, चोर अजून सापडायचा होता.

१९७२ मध्ये एमआयटीतल्या रायनर वाइस यांनी एक अहवाल लिहिला. विद्यार्थ्यांना सापेक्षता शिकवता शिकवता त्यांना जी कल्पना सुचली होती, ती त्यात मांडली होती. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन लांब भुजा, त्यांच्या टोकांना आरसे, एकच लेसर किरण दुभंगून दोन्हीकडे पाठवायचा आणि परत आल्यावर दोन्ही किरण एकमेकांत मिसळायचे. दोन्ही भुजा अगदी सारख्या असतील तर किरण एकमेकांना खोडून काढतील आणि अंधार राहील. लहरीनं एक भुजा ताणली, दुसरी आखडली, तर थोडासा उजेड झिरपेल. कल्पना सोपी आहे आणि ती सुचलेले वाइस एकटे नव्हते. त्या अहवालाचं खरं मोल पुढच्या भागात आहे. या यंत्राला काय काय फसवू शकेल, त्याची त्यांनी यादी केली आणि एकेकाचा हिशेब मांडला. लेसरचा स्वतःचा चंचलपणा, आरशातल्या अणूंची उष्णतेनं होणारी वळवळ, जमिनीचे कंप, नळीत उरलेल्या हवेचे रेणू, प्रकाशाचा आरशावर पडणारा दाब. यंत्र बांधायच्या कित्येक वर्षं आधी त्याच्या शत्रूंची नोंदवही तयार झाली. पुढच्या चार दशकांत लायगोच्या लोकांनी जे केलं, ते या नोंदवहीतलं एकेक नाव खोडणं होतं.

ते कसं खोडलं, हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची आहे. एवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलावाच मीटरभराचा फरक पाडतो, म्हणून नळीखालचं काँक्रीट तेवढं सावरून घ्यावं लागलं. नळीतली हवा काढायला चाळीस दिवस लागले आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागावर आला. आरसे शुद्ध काचेचे, ४० किलोंचे. ते एका लंबकाला, तो दुसऱ्या लंबकाला, असे चार पायऱ्यांत टांगलेले, आणि शेवटची पायरी म्हणजे मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी जाडीचे काचेचेच धागे. धातूच्या तारेत अणूंची जेवढी कुरकुर असते तेवढी काचेत नसते, म्हणून काच. किरण भुजेत सुमारे तीनशे वेळा मागेपुढे फिरतो, त्यामुळे ४ किलोमीटरची भुजा १,२०० किलोमीटरची असल्यासारखी वागते. इतकं करूनही दूरच्या महासागराच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात त्याची थरथर यंत्राला कळते. रस्त्यावरची अवजड वाहनं कळतात, वारा कळतो, आणि कावळेही कळतात.

यंत्र कितीही शांत केलं तरी लहरीपेक्षा गोंगाट मोठाच राहतो. म्हणून दुसरी लढाई कागदावर लढावी लागते, आणि तिथं पुण्याचं नाव येतं. जत्रेच्या गर्दीत हजार पोरं रडत असली तरी आईला आपल्या लेकराचं रडणं वेगळं ओळखू येतं, ते त्याचा आवाज मोठा असतो म्हणून नव्हे, तर त्याचा चढउतार तिच्या ओळखीचा असतो म्हणून. फिरत फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांच्या लहरीचा चढउतारही आइन्स्टाईनच्या समीकरणांतून आधीच काढता येतो. तो कागदावरचा नमुना नोंदींवर सरकवत न्यायचा आणि कुठं जुळतो ते पाहायचं. अडचण अशी, की ताऱ्यांची वस्तुमानं माहीत नसतात, म्हणून नमुने असंख्य. किती नमुने, किती अंतरानं घेतले म्हणजे एकही लहर निसटणार नाही आणि संगणकही दमणार नाही, हा प्रश्न पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी हाती घेतला. १९९१ मधला त्यांचा शोधनिबंध या कामाच्या पायाच्या दगडांपैकी एक आहे. आयुका तेव्हा नुकतीच जन्मली होती. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये तिची उभारणी केली तेव्हा लहरी सापडायला अजून सत्तावीस वर्षं होती. जे दिसेल की नाही याचीच खात्री नाही, ते दिसलं तर ओळखायचं कसं, यावर माणसांनी ऐन उमेदीची वर्षं घालवली. मला त्यांच्या बुद्धीइतकंच त्यांच्या धीराचं अप्रूप वाटतं. नमुने जितके अचूक तितकी जुळणी पक्की, म्हणून ती समीकरणं आणखी अचूक सोडवण्याचं काम बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलं.

आपण स्वतःलाच फसवत नाही ना, याची परीक्षा घ्यायची एक रीतही या लोकांनी ठरवली होती. मोजक्या माणसांना अधिकार होता, की त्यांनी आरसे गुपचूप हलवून खोटी लहर घुसवावी आणि कुणालाही सांगू नये. सप्टेंबर २०१० मध्ये एक झकास लहर आली. श्वान तारकासमूहाच्या दिशेची वाटली म्हणून तिला ‘मोठा कुत्रा’ असं नाव पडलं. शेकडो लोकांनी सहा महिने झटून विश्लेषण केलं, शोधनिबंध लिहून पूर्ण केला. मार्च २०११ मध्ये भरसभेत गुपिताचं पाकीट उघडलं. लहर खोटी होती. सगळे हिरमुसले असतील. पण कस लागला होता, आणि यंत्रणा कसाला उतरली होती.

म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली तेव्हा पहिला प्रश्न होता, हे पाकीट कुणाचं? आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती, गणपती तीन दिवसांवर आले होते. लायगोची यंत्रं मोठ्या सुधारणांनंतर नुकती चालू झाली होती. अधिकृत निरीक्षणांना चार दिवस अवकाश होता. त्या रात्री लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेत दोन शास्त्रज्ञ मुद्दाम आवाज आणि कंप निर्माण करून यंत्राची परीक्षा घेत होते. पहाटे थकून त्यांनी काम आवरलं. ते आणखी थोडा वेळ थांबले असते तर त्यांच्याच गोंगाटात ती लहर बुडाली असती. लहर आधी लिव्हिंग्स्टनला आली आणि ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. कुणीही पाकीट ठेवलेलं नव्हतं.

एक पंचमांश सेकंदाचा खेळ होता तो. कंपनसंख्या ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. ध्वनीत रूपांतर करून ऐकली तर जवळजवळ तीन सप्तकं ओलांडणारी एक झरझर मींड, आणि शेवटी एकदम शांतता. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विरघळून ६२ पटींचं एक झालं होतं. बेरीज चुकलेली नाही. उरलेलं तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपानं उधळलं गेलं होतं. आणि इथं ४ किलोमीटरच्या भुजेत फरक पडला होता प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाएवढा.

तरीही जाहीर करायला पाच महिने लागले. या काळात काय केलं, ते मला मूळ लहरीइतकंच देखणं वाटतं. हा निव्वळ योगायोग नाही, हे कसं ठरवायचं? त्यांनी दोन वेधशाळांच्या सोळा दिवसांच्या नोंदी घेतल्या आणि एकीच्या नोंदी दुसरीच्या मानानं थोड्या थोड्या पुढे सरकवल्या. सरकवल्यावर दोन्हीकडे एकाच वेळी जे जुळेल ते खरं असूच शकत नाही. तो शुद्ध योगायोग. असं लाखो वेळा सरकवून सहा लाखांहून अधिक वर्षांचा कृत्रिम गोंगाट तयार केला आणि सुमारे अडीच लाख नमुने लावून त्यात शोधलं. एवढी ठळक जुळणी एकदाही आली नाही. निष्कर्ष असा, की असा योगायोग २,०३,००० वर्षांतून एकदासुद्धा क्वचितच घडेल. मग ११ फेब्रुवारी २०१६ ला घोषणा झाली. २०१७ चं नोबेल वाइस, किप थॉर्न आणि बॅरी बॅरिश यांना मिळालं; या कामातले वाइस-थॉर्न यांच्याबरोबरचे तिसरे मूळपुरुष रोनाल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते.

१७ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट याहून नाट्यमय आहे. या वेळी कृष्णविवरं नव्हती, दोन न्यूट्रॉन तारे होते. लहर जवळजवळ शंभर सेकंद चालली. पण टकरीच्या सेकंदभर आधी लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत एक मोठा खडखडाट उमटला, आणि संगणकानं शिस्तीप्रमाणे तिथली नोंद बाद ठरवली. हॅनफर्डची नोंद पाहून माणसांनी डोळ्यांनी तपासलं, तेव्हा खडखडाटाच्या मागं लहरीची रेघ स्वच्छ दिसत होती. खडखडाट तेवढा कापून काढला. इटलीतली व्हर्गो ही वेधशाळा जेमतेम सोळा दिवसांपूर्वी कामाला लागली होती. तिच्यात लहर जवळपास दिसलीच नाही. पण न दिसणंही साक्ष ठरलं. व्हर्गोला ज्या दिशांचं कमी ऐकू येतं, त्यांपैकीच एका दिशेनं लहर आली असणार! आकाशाचा संशयित तुकडा २८ चौरस अंशांवर आला, म्हणजे पौर्णिमेचे सुमारे एकशेचाळीस चंद्र मावतील एवढा. अकरा तासांत चिलीतल्या एक मीटरच्या दुर्बिणीला तिथल्या एका दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. ती दीर्घिका १३ कोटी प्रकाशवर्षांवरची. टकरीनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोतही आला होता. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात फरक दोन सेकंदांचाही नाही, म्हणजे गुरुत्वीय लहर आणि प्रकाश यांचा वेग एकच. पुढच्या दिवसांत त्या ठिपक्याचा प्रकाश ज्या रीतीनं लालसर होत मावळला, त्यातून जड मूलद्रव्यं तिथं घडल्याचं कळलं. आपल्या घरातल्या मंगळसूत्रातलं सोनं सूर्य जन्मायच्या आधी अशाच एखाद्या टकरीत घडलं असण्याची शक्यता दाट आहे.

यानंतर यंत्रापुढे जो शत्रू उरला तो निसर्गनियमांतच बसलेला होता. प्रकाश कणाकणांनी येतो. पत्र्यावर पाऊस पडताना जशी सरींची तडतड कधीच एकसारखी नसते, तसाच प्रकाशकणांचा मारा विस्कळीत असतो आणि त्याची तडतड मोजमापात शिरते. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेमुळे ती शून्य करता येत नाही. पण उशी एका बाजूनं दाबली की दुसऱ्या बाजूनं फुगते, तशी ही अनिश्चितता ज्या बाजूनं त्रास देत नाही तिकडे ढकलता येते. २०१९ पासून लायगोत असा दाबलेला प्रकाश वापरतात. त्यात पुन्हा पेच होता. वरच्या सुरांना जी बाजू दाबायला हवी, ती दाबली की खालच्या सुरांना आरसे जास्त हलतात. म्हणून ३०० मीटरची एक वेगळी नळी बांधून, वरच्या आणि खालच्या सुरांसाठी उशी वेगवेगळ्या बाजूंनी दाबायची सोय २०२३ पर्यंत केली गेली. यंत्राचा पल्ला पंधरा ते अठरा टक्क्यांनी वाढला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पल्ला सगळ्या दिशांनी वाढतो, म्हणून टकरी सापडण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतं.

याचं फळ १४ जानेवारी २०२५ ला मिळालं. आपल्याकडे संक्रांत होती. आलेली लहर २०१५ च्या पहिल्या लहरीची जणू जुळी बहीण होती. सूर्याच्या बत्तीस-चौतीस पटींची दोन कृष्णविवरं, अंतरही जवळपास तेच, १३० कोटी प्रकाशवर्षं. पण दहा वर्षांपूर्वीच्या मानानं ती तिपटीहून अधिक स्वच्छ ऐकू आली. आकाश तेच, यंत्र बदललं होतं. टकरीनंतर नवं कृष्णविवर घंटेसारखं निनादत शांत होतं. हा निनाद असा असेल, हे १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा या बंगळुरूच्या तरुणानं गणितानं दाखवलं होतं. आणि तोही वेबरच्याच मेरीलँड विद्यापीठात शिकलेला. आता तो निनाद इतका स्पष्ट होता, की त्यातून नव्या कृष्णविवराचं वस्तुमान आणि गिरकी वेगळी काढता आली. त्यावरून स्टीफन हॉकिंगच्या १९७१ च्या प्रमेयाची कसोटी घेतली. दोन कृष्णविवरं एक झाली तर नव्याचं पृष्ठफळ जुन्या दोघांच्या बेरजेहून कधीच कमी भरणार नाही, असं ते प्रमेय सांगतं. टकरीआधी दोघांचं मिळून सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होतं, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. नंतर एकाचं सुमारे ४,००,००० भरलं, महाराष्ट्राहून बरंच जास्त. पहिल्या लहरीवरून हेच तपासलं होतं तेव्हा खात्री ९५ टक्के होती. या वेळी ९९.९९९ टक्के. हॉकिंग २०१८ मध्ये गेले. वाइस गेले ते २५ ऑगस्ट २०२५ ला, हा निकाल प्रसिद्ध व्हायच्या अवघे काही दिवस आधी.

तोवर अशा सुमारे तीनशे टकरी नोंदल्या गेल्या होत्या. पण गोंगाटानं सगळ्यांनाच सोडलंय असं नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या एका प्रयोगानं विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचं जाहीर केलं. नंतर प्लँक उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर तो ठसा मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. माणसं हुशार होती, यंत्र उत्तम होतं, धुळीचा अंदाज तेवढा कमी पडला.

हे आठवून फार लांब गुरुत्वीय लहरींबद्दलची जून २०२३ ची बातमी वाचली, की तिची शब्दयोजना कळते. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी तारांच्या जाळीची ही दुर्बीण साकारली ती रेडिओ लहरी टिपायला. तिचं नाव गुरुत्वीय लहरींशी जोडलं जाईल असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल. काही मृत तारे, म्हणजे स्पंदक, सेकंदात शेकडो गिरक्या घेतात आणि दर गिरकीला रेडिओचा एक ठोका पाठवतात. हे ठोके अणुघड्याळांशी बरोबरी करतील इतके नेमके असतात. पृथ्वी आणि स्पंदक यांच्यामधून फार लांब, वर्षानुवर्षं एक हेलकावा घेणारी गुरुत्वीय लहर गेली, तर ठोके किंचित लवकर-उशिरा पोचतील. अशा लहरी उठतात दीर्घिकांच्या पोटातल्या, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या जोड्यांमधून. पण ठोके उशिरा पोचायला दुसरीही कारणं आहेत. ताऱ्यांमधल्या पोकळीत इलेक्ट्रॉनांचं विरळ धुकं असतं आणि ते ठोक्यांना अडवतं, खालच्या कंपनांना जास्त. हे धुकं मोजायला खालच्या कंपनांचीच दुर्बीण लागते, आणि तिथं खोडद उपयोगी पडतं. युरोपातल्या दुर्बिणींच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींना भारत-जपान गटानं जीएमआरटीच्या नोंदींची जोड दिली.

खरं-खोटं ओळखायची खूण इथंही आधीच हाती होती. पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं तर सगळे स्पंदक एकदम चुकल्यासारखे दिसतील. सूर्यमालेतल्या ग्रहांचा हिशेब चुकला तर आकाशाच्या समोरासमोरच्या दिशांना उलटसुलट चूक दिसेल. गुरुत्वीय लहर असेल तर स्पंदकांच्या जोड्यांमधलं साधर्म्य त्यांच्यातल्या कोनाप्रमाणे एका ठरावीक वळणानं बदलेल. हे वळण रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्येच काढून ठेवलं होतं. २९ जून २०२३ ला अमेरिका, युरोप-भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीन या गटांनी एकाच वेळी सांगितलं, की ते वळण दिसू लागलं आहे. ‘शोध लागला’ असं कुणीच म्हणालं नाही, ‘पुरावा मिळतो आहे’ असं म्हणाले. सगळीकडच्या बातम्यांनी तो फरक राखला नाही. या लोकांनी मात्र तो जिवापाड जपला.

आणि आता हिंगोली. औंढा नागनाथजवळ लायगोची तिसरी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारनं तत्त्वतः मंजुरी दिली १७ फेब्रुवारी २०१६ ला, पहिल्या लहरीच्या घोषणेनंतर सहाव्या दिवशी. २,६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षं माझ्या मते फार झाली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम यंत्रणा मिळून हे काम करत आहेत. भारतातच का, याचं कारण भूगोलात आहे. लहरीची दिशा काढायची ती वेधशाळांना ती किती फरकानं पोचली त्यावरून. अमेरिकेतल्या दोन, इटलीतली आणि जपानमधली यांच्यापासून औंढा लांब आणि वेगळ्याच बाजूला पडतं. त्यामुळे आकाशाचा संशयित तुकडा कितीतरी लहान होईल.

औंढ्याच्या देवळाची आख्यायिका मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. त्याच शिवारात आता ४० किलोंचे आरसे टांगले जातील, आणि ते प्रोटॉनच्या चारशेव्या भागाइतकेही हललेले कळले पाहिजेत. पठाराचा खडक भक्कम आहे, तरी जमीन अगदी गप्प नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीत भूकंपाचे धक्के जाणवले. हॅनफर्डला जी नोंदवही लिहायला वीस वर्षं लागली, तशी इथली वेगळी लिहावी लागेल. पहिल्या वळवाचा गडगडाट, वसमतच्या बाजाराकडे निघालेले हळदीचे ट्रक, ऊस ओढणारे ट्रॅक्टर, विहिरींवरचे पंप, महाशिवरात्रीची यात्रा, कुठल्या वाऱ्याला कोणतं झाड जास्त हलतं ते. हे सगळं बोटांवर असलेली पोरं आज हिंगोली-परभणीच्या शाळांमध्ये बसली आहेत.